प्रश्न संपायच्या आत

मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा करायला नको.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मोठे दीर आणि जाऊबाई राहतात, दुसऱ्यावर आम्ही. जाऊबाईंनी आजवर माझं काही वाकडं केलेलं नाही, आणि माझं खरं दुखणं तेच आहे. भांडकुदळ असत्या तर चार लोकांत त्यांना नावं तरी ठेवता आली असती. पण बाई अशी की कपडे वाळत घालताना चिमटेसुद्धा एका रंगाचे लावते. माझं दूध उतू जातं, त्यांचं जात नाही. सासूबाई होत्या तेव्हा मी औषध दिलं की विचारायच्या, "मोठीला दाखवलंस का?" पंचवीस वर्षं मी हे ऐकलं.

माझा मुलगा झाला तेव्हा त्यांचा चार महिन्यांचा होता. फक्त चार महिने! पण तेवढ्या जोरावर त्यांचा झाला 'दादा' आणि माझा झाला 'छोट्या'. आज छोट्या दादापेक्षा वीतभर उंच आहे, तरी छोट्याच. शाळेत दादाचा पहिला नंबर, छोट्याचा तिसरा नाहीतर चौथा. अक्षर मात्र छोट्याचं मोत्यासारखं, पण अक्षराला कोण विचारतो? आणि छोट्या जाऊबाईंना 'मोठी आई' म्हणायचा. शाळेतून आला की दप्तर आमच्या दारात टाकून आधी वर पळायचा. मी विचारायची, "काय आहे रे वर एवढं?" तो म्हणायचा, "काही नाही, मोठी आई आहे." आता यावर आईने काय बोलायचं?

माझी नोकरी अशी की एका कंपनीत फोनवर बोलणाऱ्या मुलामुलींना मी बोलायला शिकवते. गिऱ्हाईक चिडलेलं असतं, आपण चिडायचं नाही. समोरच्याचा प्रश्न संपला की दोन सेकंदांच्या आत उत्तर. 'अं' नाही, 'म्हणजे' नाही, श्वास ऐकू येता कामा नये. अडखळलात की समोरच्याला वाटतं तुम्ही खोटं बोलताय. बारा वर्षं मी हेच शिकवते आहे. अडखळणारी पोरं माझ्याकडे येतात आणि तीन आठवड्यांत घडाघडा बोलायला लागतात. या एका गोष्टीत जाऊबाई माझा हात धरू शकत नाहीत.

दोन्ही पोरं एकोणीस वर्षांची असताना ते झालं. त्यांचा एक मित्र होता, आम्ही त्याला 'गाडीवाला' म्हणायचो, कारण स्वतःची नसलेली कुठली ना कुठली गाडी कायम त्याच्याकडे असायची. एका दुपारी तो टेंपो घेऊन आला. मामाच्या गोदामातून पाण्याच्या मोटारी दुसरीकडे हलवायच्या आहेत, जरा हात लावा, म्हणाला. दोघे गेले. सहा खोकी टेंपोत चढवून झाली, सातवं दोघांच्या हातात होतं, तेवढ्यात गोदामाचा मालक आला. तो कुणाचाही मामा नव्हता. गाडीवाला जो पळाला तो आजपर्यंत कुणाला दिसलेला नाही. आमची दोन शहाणी बाळं खोकं धरून उभी राहिली, कारण खाली टाकलं तर मोटार फुटेल.

एक रात्र कोठडीत काढून दोघे जामिनावर घरी आले. छोट्याने दोन दिवस धड खाल्लं नाही. विचारलं तर एकच वाक्य, "आई, मला माहीत नव्हतं गं."

आम्हाला कोर्टानेच वकील दिला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या काखेत साठ फायली होत्या आणि माझ्या मुलाचं नाव त्याला दर वेळी फाईल उघडून बघावं लागायचं. कोर्टाच्या व्हरांड्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी उभ्या उभ्या, त्याने आम्हाला सहा मिनिटांत सगळं सांगितलं.

"खटला चालला आणि हरलात तर तीन वर्षं, कदाचित पाच," तो म्हणाला. "सरकारी वकील तडजोडीला तयार आहेत. गुन्हा कबूल करायचा. तुरुंग नाही. दोन वर्षं देखरेख, महिन्यातून एकदा कार्यालयात जाऊन सही. पण ही सवलत दोघांतल्या एकालाच आहे. जो आधी कबूल होईल त्याला. शुक्रवारी चारपर्यंत."

"एकालाच का?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"एक कबूल झाला की दुसऱ्याचा धीर सुटतो. फाईल लवकर मिटते." त्याने घड्याळ बघितलं. "हेच त्या दुसऱ्या मुलाच्या घरच्यांनाही सांगितलंय."

"पण त्याने केलं नसेल तर?" नवरा म्हणाला.

"साहेब, मी एवढंच सांगतो की या वयाची मुलं तुरुंगातून परत येतात ती वेगळीच होऊन येतात. तुम्ही ठरवा."

मी ते ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात दोनच शब्द अडकले होते: एकालाच, आधी. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा असं काहीतरी आलं होतं की ते एकालाच मिळणार होतं आणि कोणाला मिळणार हे अजून ठरलं नव्हतं. जाऊबाई तिकडे कडेला उभ्या राहून दादाच्या शर्टाची कॉलर नीट करत होत्या. मला वाटलं, ह्या सावकाश सावकाश म्हणत शुक्रवारी सकाळीच जाऊन कबूल करून येतील, आणि माझा पोरगा आत जाईल. त्यांच्या दूध उतू न जाणाऱ्या घरात त्यांचा मुलगा असेल आणि मी तुरुंगाच्या दारात डबा घेऊन उभी असेन.

गुरुवारी संध्याकाळी जाऊबाई खाली आल्या. नवरा कामावर होता, छोट्या आंघोळीला गेला होता. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"धाकटे, आम्ही एक वकीलबाई बघितल्यात. चांगल्या आहेत गं. मी त्यांना म्हटलं, पोरं दोन आहेत, दोघांची फाईल एकत्र बघा. त्या तयार आहेत. सोमवारपर्यंत थांबायला सांगतात. कुणीच काही कबूल करू नका म्हणतात."

"आणि सवलत?"

"जाऊ दे ती. पोरांनी केलं नाही तर केलं म्हणायचं कसं? तू छोट्याला सांग. नाहीतर मीच बोलते, त्याला वर पाठव."

"सांगते मी," मी म्हटलं.

दार लावलं आणि मनात म्हटलं, वा! मला सोमवारपर्यंत थांबवायचं आणि शुक्रवारी आपण पुढे जायचं. मी काय दूधखुळी आहे? खरं सांगते, त्या क्षणी मला याची पुरेपूर खात्री होती. हेवा करणाऱ्या माणसाला शंका येत नाही, त्याला सगळं आधीच ठाऊक असतं. छोट्या डोकं पुसत बाहेर आला. "मोठी आई आली होती का? आवाज आला."

"हो. त्यांनी त्यांच्यापुरता वकील केलाय, ते सांगायला आल्या होत्या."

"माझ्यासाठी नाही?"

"नाही," मी म्हटलं. दोन सेकंदांच्या आत.

तो टॉवेल हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "बरं. तू म्हणशील तसं करू." मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. निदान एकदा तरी तो 'वर जाऊन विचारतो' असं म्हणाला नव्हता.

कबुली देताना न्यायाधीश नऊ प्रश्न विचारतात, त्याची यादी वकिलाने आम्हाला दिली होती. तेवढं मात्र माझं क्षेत्र. जेवणाच्या टेबलावर मी छोट्याला समोर बसवलं, मोबाईलवर सेकंद लावले आणि न्यायाधीश झाले.

"तुमच्यावर कुणी दबाव आणला आहे का?"

"अं... नाही."

"अं नको. पुन्हा. दबाव आणला आहे का?"

"नाही."

"तीन सेकंद झाले. पुन्हा."

"आई, पण मला खरंच माहीत नव्हतं."

"तो प्रश्न यादीत नाही," मी म्हटलं.

दीड तास मी त्याला घोटवला. शेवटी शेवटी तो इतका छान बोलायला लागला की माझी कंपनीतली कुठलीही मुलगी त्याच्यापुढे फिकी पडली असती. माझा चेहरा फुलला असणार, कारण माझ्याकडे बघून तोही हसला. त्या आठवड्यात तो तेवढाच हसला.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला आम्ही कोर्टात होतो. वरच्यांचा पत्ता नव्हता. मी जिंकले होते. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघत सावकाश नऊ प्रश्न विचारले. दबाव आहे का? नाही. वचन, धमकी? नाही. माल चोरीचा आहे हे माहीत होतं? हो. वकिलाशी पुरेसं बोलणं झालं? हो. "तुम्ही खरोखर गुन्हा केला आहे, म्हणूनच कबूल..." एवढं होईपर्यंत छोट्या म्हणाला, "हो." लेखनिकाने मान वर करून बघितलं. सगळं मिळून सात मिनिटं लागली. बाहेर आल्यावर वकील म्हणाला, "फार चांगलं बोलला हो मुलगा," आणि पुढची फाईल उघडली.

जाऊबाईंनी त्या संध्याकाळी मला जिन्यात गाठलं. "अगं, तू त्याला सांगितलं नाहीस का?"

"सांगितलं. तो नको म्हणाला." एकदा खोटं बोललं की दुसऱ्याला वेगळी मेहनत लागत नाही.

त्यांनी मान हलवली. "त्याचा तो मोठा आहे आता," म्हणाल्या आणि वर गेल्या. छोट्याला वाटलं मोठ्या आईने आपल्याला वाऱ्यावर सोडलं. मोठ्या आईला वाटलं छोट्याने आपलं ऐकलं नाही. दोघांच्या मधोमध मी बसले होते, आणि नवऱ्यालाही मी छोट्याला सांगितलं तेच सांगितलं होतं. ते वर्षभर छोट्या एकदाही वर गेला नाही. संध्याकाळी माझ्याच स्वयंपाकघरात बसायचा, माझ्याशी बोलायचा. सांगायला लाज वाटते, पण ते वर्ष मला आवडलं.

दादाचा खटला अकरा महिने चालला. तारीख पडली की मी मनात आकडे मांडायची: तीन वर्षं की पाच? त्याला शिक्षा व्हावी असं मी मागत नव्हते. पण होईल तेव्हा माझं शहाणपण सगळ्यांना कळेल, इतकं मात्र वाटायचं.

तिकडे छोट्याला लिफ्ट दुरुस्त करायचं शिकायचं होतं. लहानपणापासून तो आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की दुरुस्तीवाल्याच्या मागे मागे फिरायचा. दोन वर्षांचं शिक्षण देणारी एक कंपनी होती, नंतर नोकरी नक्की. त्याने परीक्षा दिली, यादीत वरती आला. मग अर्जाचं शेवटचं पान आलं: कधी गुन्ह्यात दोषी ठरला आहात का? त्याने 'हो' लिहिलं. आठवड्याने पत्र आलं. लोकांच्या इमारतींच्या किल्ल्या ज्यांच्या हातात द्यायच्या, त्यांच्या नावावर चोरी चालत नाही. तुरुंग नाही, एवढंच आम्ही ऐकलं होतं. नावापुढे काय लागणार हे त्या सहा मिनिटांत कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

आणि मग दादा सुटला.

जाऊबाईंच्या वकीलबाई म्हणजे करड्या केसांची, खांद्याला कापडी पिशवी लावणारी एक बुटकी बाई. तिने गोदामाच्या रखवालदाराला साक्षीला उभं केलं आणि फाटकावरचं रजिस्टर मागवलं. रखवालदाराने ते नोकरी जाईल म्हणून दडवून ठेवलं होतं. आत येणाऱ्याने नाव, फोन नंबर आणि वेळ लिहायची असा तिथला नियम. त्या दुपारच्या पानावर दोघांची खरी नावं होती, खरे नंबर होते, आणि कामाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मामांच्या मोटारी हलवणे'. वकीलबाईने एवढंच विचारलं, "चोर फाटकावर आपला फोन नंबर लिहून आत जातो का?" न्यायाधीशसुद्धा हसले म्हणे. दादा निर्दोष.

त्या ओळी दादाच्या हातच्या नव्हत्या. दोघांच्या वतीने छोट्याने लिहिल्या होत्या, त्याच्या मोत्यासारख्या अक्षरात. मला हे कळलं तेव्हा मी कंपनीच्या संडासात जाऊन रडले. माझ्या मुलाच्या अक्षराने तिचा मुलगा सुटला. पुढच्या महिन्यात दादा त्याच लिफ्टच्या कंपनीत शिकायला लागला. त्याला लिफ्टची कसली हौस? छोट्याच्या नादाने त्याने अर्ज केला होता. सकाळी तो कंपनीचा निळा शर्ट घालून जिना उतरायचा आणि आमच्या दाराशी आला की पावलं हळू टाकायचा. त्याला अवघडल्यासारखं व्हायचं. मला त्याचा शर्ट फाडावासा वाटायचा.

वकीलबाई आम्ही न बोलावताच आमच्याकडे आल्या. जाऊबाईंनीच पाठवलं होतं.

"कबुली मागे घ्यायचा अर्ज करता येतो," त्या म्हणाल्या. "रजिस्टर आहेच. पण कोर्ट म्हणेल, तुम्ही स्वतःच्या मर्जीने कबूल झालात, आता रडू नका. ती मर्जी खरी नव्हती हे दाखवावं लागेल. एकोणीस वर्षांचं पोर उद्यापलीकडे बघत नाही हो. 'आज घरी जायचंय का' असं विचारलं तर ते वाटेल ते कबूल करतं. पण हे मी कोर्टात नुसतं म्हणून भागत नाही." छोट्या पाणी आणायला आत गेला तसा त्यांनी आवाज खाली घेतला. "ताई, 'कबूल कर' असं प्रत्येक आई म्हणते. त्याच्यापासून काही लपवलं होतं का कुणी?"

मोजले असते तर वीस सेकंद झाले असते. मग म्हटलं, "साक्ष देते मी."

सुनावणीपर्यंत सोळा दिवस होते. छोट्याला आधी घरी सांगावं, असं रोज ठरवलं. रोज तो संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन बसायचा आणि रोज मी ते उद्यावर टाकायची. सांगितलं की हा परत वर जाणार, एवढंच दिसायचं. नाही सांगितलं तर त्याचं आयुष्य त्या शेवटच्या पानावर अडकून राहणार, हेही दिसायचं. सोळा दिवस मी या दोन्हींची तुलना करत बसले. सख्ख्या आईला एवढे दिवस लागावेत?

साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा समोरच्या बाकावर छोट्या, त्याच्या बाजूला त्याचे वडील, मागे जाऊबाई आणि दादा.

वकीलबाईंनी विचारलं आणि मी सांगितलं. गुरुवारी जाऊबाई दोघांसाठी वकील बघितल्याचं सांगायला आल्या होत्या. मी मुलाला खोटं सांगितलं की त्याच्यासाठी नाही. जाऊबाईंनाही खोटं सांगितलं.

"का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मला त्यांचा हेवा वाटतो. त्यांचा मुलगा आधी सुटेल अशी मला भीती होती. माझा पहिला यायला हवा होता."

"आणि न्यायालयात मुलाने 'दबाव नाही' असं सांगितलं, ते?"

"मीच पाठ करून घेतलं होतं. दीड तास. ते माझं कामच आहे, साहेब."

मी अडखळत बोलले, घसा साफ करत, मधे मधे थांबत. माझ्या कंपनीतल्या मुलींनी ऐकलं असतं तर मला नापास केलं असतं. छोट्या माझ्याकडे बघत नव्हता. तो वळून मागच्या बाकाकडे बघत होता.

अर्ध्या तासाने न्यायाधीशांनी निकाल वाचला. त्या शुक्रवारचं ध्वनिमुद्रण आपण पुन्हा ऐकलं, असं ते म्हणाले. मुलगा एकाही उत्तराआधी थांबलेला नाही. एका प्रश्नाला तर त्याने प्रश्न संपायच्या आत उत्तर दिलं आहे. दबावाखाली असलेला माणूस असा बोलत नाही. उलट आज आईच अडखळत होती. मुलासाठी आई काहीही सांगायला तयार होते, हे न्यायालय समजू शकतं, पण त्यावर विश्वास ठेवू शकत नाही. रजिस्टर कबुलीच्या आधीही मागवता आलं असतं. अर्ज फेटाळला.

आयुष्यात एकदा मी सगळं खरं बोलले होते.

व्हरांड्यात आलो. वकीलबाई वरच्या कोर्टाबद्दल काहीतरी सांगत होत्या, वर्ष दीड वर्ष लागेल म्हणत होत्या. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. छोट्या सरळ जाऊबाईंपाशी गेला. त्यांच्यापेक्षा तो दीड फूट उंच, त्यामुळे त्याला बराच वाकावं लागलं. त्याने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन रडायला लागला. कोठडीतून आला तेव्हा तो रडला नव्हता, कंपनीचं पत्र आलं तेव्हाही नाही. वर्षभर रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसायचा, कधी डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं.

"मोठी आई, मला वाटलं तू मला सोडलंस," तो म्हणत होता. "मला वाटलं तू मला सोडलंस."

"नाही रे राजा. नाही रे." त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग त्यांनी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मी तो घेतला असता. त्यांनी एक हात मोकळा केला आणि माझ्याकडे पुढे केला.

"धाकटे, ये इकडे. अशी लांब नको उभी राहू."

मी एक पाऊल टाकलं.

"नको, मोठी आई," छोट्या डोकं वर न करता म्हणाला. "तिला तिथेच राहू दे."

मी तिथेच राहिले. पिंपाशेजारी एक दुसरा वकील दुसऱ्या कुठल्यातरी मुलाला यादी देत होता, आणि त्या मुलाची आई त्याला म्हणत होती, नीट बोल रे, चाचरू नकोस. मी तिला काहीच सांगितलं नाही. मी जाऊबाईंच्या खांद्याकडे बघत होते, आणि माझ्या पोटात इतकं दुखत होतं की मला भिंतीला धरावं लागलं.